क्लचबाईंचा शेवटचा विद्यार्थी

समोर सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे क्लचबाई. तिला ते ठाऊक होतं. "हॉर्नबाई म्हणत नाहीत हे नशीब," असं ती नवऱ्याला सांगायची.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि तिचं ड्रायव्हिंग स्कूल. स्कूल म्हणजे दुकानावरची एक खोली, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि खाली उभी एक पांढरी गाडी. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही वेगळा क्लच आणि ब्रेक बसवलेला होता. लग्नाआधी ती वडिलांचा टेम्पो चालवायची. लग्नानंतर काही वर्षं घरात बसून कंटाळली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "मी गाडी शिकवणार." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण गाडी दारात आली तेव्हा सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसल्या त्या सासूबाईच. शिकायला नव्हे, फिरायला.

ती कधी ओरडायची नाही, म्हणून तिच्याकडे घाबरट माणसं जास्त यायची. निवृत्त झालेले, नुकतीच नोकरी लागलेल्या मुली, दुसरीकडून शिव्या खाऊन आलेले. "क्लच असा सोडा," ती म्हणायची, "झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतो ना, तसा."

शिकला नाही तो फक्त तिचा नवरा. नव्या लग्नात एकदा सासऱ्यांचा टेम्पो चालवायला बसला होता, तेव्हा टेम्पो भिंतीला चाटून गेला. त्यानंतर त्याने जो स्टिअरिंगला दुरून नमस्कार केला तो कायमचा. कोणी विचारलं की म्हणायचा, "घरात ड्रायव्हर असताना मी कशाला?"

मग तिचं पोट फुगायला लागलं. गॅस असेल म्हणून तिने अंगावर काढलं. विद्यार्थ्यांच्या परीक्षा तोंडावर होत्या. दवाखान्यात गेली तोवर अंडाशयाचा कॅन्सर पोटात पसरला होता. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती, ती येऊन-जाऊन असायची.

दुसऱ्या केमोनंतर तिने गाडीची किल्ली नवऱ्यापुढे ठेवली.

"अहो, उद्यापासून तुम्ही शिकायचं."

"या वयात? आपण टॅक्सी करू की."

"टॅक्सीत मला उलटी झाली तर तो मला रस्त्यात उतरवेल. तुम्ही उतरवणार नाही."

सकाळी दुकान उघडण्याआधी दोघं खेळाच्या मैदानामागच्या मोकळ्या जागेत जायची. गाडी तिथवर तिची एक जुनी विद्यार्थिनी आणायची-न्यायची. तिच्या डोक्याला रुमाल, त्याच्या कपाळाला घाम.

"बंद पडली," तो म्हणायचा.

"बंद पडली नाही, तुम्ही पाडली. परत."

"तुझा पाय ब्रेकवर आहे ना?"

"आहे हो. तुम्ही पुढे बघा."

त्या एका उत्तराच्या जोरावर तो शिकला. हळूहळू मैदान सुटलं, रस्ता आला. मग बाजारातली ती अरुंद वाट आली, जिथे हातगाड्या, सायकली आणि माणसं एकमेकांना अंग घासत जातात. लायसन्स मिळालं त्या दिवशी तिने दुकानातल्या गिऱ्हाइकांना पेढे वाटले आणि "माझा सगळ्यात मठ्ठ विद्यार्थी" अशी त्याची ओळख करून दिली.

पुढच्या तपासणीला त्यानेच तिला नेलं. केमोने पाय बधिर झालेत का ते बघायला डॉक्टरांनी तिच्या तळपायावर पेनाचं टोपण टेकवलं. "कळतंय?"

"नाही."

"कधीपासून?"

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. "दुसऱ्या केमोपासून."

बाहेर येऊन तो गाडीत बसला. किल्ली हातातच राहिली. "म्हणजे तुझा पाय ब्रेकवर..."

"होताच ब्रेकवर. पायाला कळत नव्हतं, एवढंच."

"अगं, कुठेतरी आपटलो असतो!"

"म्हणून तर मोकळी जागा निवडली."

"आणि बाजारातून नेलंस ते?"

"तोवर तुम्हाला येत होतं. तुम्हालाच पत्ता नव्हता."

तो चिडला होता. त्याने गाडी सुरू केली. चौक ओलांडताना शेजारी पाहिलं तर तिने काचेला डोकं टेकवून डोळे मिटले होते. इतक्या वर्षांत चालू गाडीत, शिकाऊ माणसाच्या शेजारी, ती कधी झोपली नव्हती. मग तो नेहमीचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने गेला, कारण तिकडे खड्डे कमी होते.

मधले काही महिने बरे गेले. ती पुन्हा शिकवायच्या गोष्टी बोलू लागली. मग पोटात पाणी भरलं, आणि डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. मुलगी रजा काढून आली. ती आईचे पाय दाबत बसायची.

"दाबू नकोस गं, मला कळत नाही."

"मला कळतंय ना," मुलगी म्हणायची आणि दाबत राहायची.

ती गेली तेव्हा नवरा खाली दुकानात होता. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होता. मुलीने जिन्यातून "बाबा" अशी हाक मारली. स्क्रू हातातून पडला. गिऱ्हाईक एकाच दांडीचा चष्मा लावून घरी गेलं.

भेटायला माणसांची रीघ लागली. एक म्हातारे मास्तर म्हणाले, "मला म्हणाल्या होत्या, सर, हा फळा नाही, इथे पुसता येत नाही." रडता रडता लोक हसले. स्कूल आता तीच जुनी विद्यार्थिनी चालवते.

महिन्याभराने तो मुलीला तिच्या घरी सोडायला निघाला. रस्ता लांबचा, सकाळचा, रिकामा होता. शहर मागे पडल्यावर तो म्हणाला, "मला गाडी चालवायला आवडतं गं."

"मग चांगलं आहे की."

"चांगलं कसलं? ती आजारी पडली नसती तर मी शिकलोच नसतो. तिच्या दुखण्यातून मला हे मिळालं. आवडायला नको होतं."

मुलीने खिडकीबाहेर पाहिलं. "मलाही कधीकधी हसू येतं, बाबा," ती म्हणाली, "आणि मग वाटतं, कशी हसले मी?"

त्याने मान हलवली. पुढे एक ट्रक हळू चालला होता. त्याने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि जरा वेग वाढवून ट्रकच्या पुढे गेला.