वर्ना स्टकीचं मत

आमच्या मिलर्स फोर्ड गावात लहानाचा मोठा झालेल्या कुणालाही विचारा, त्याच्या पोटात वर्ना स्टकीच्या हातचं काहीतरी गेलेलं आहेच. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभी हयात काढली. एका मुख्याध्यापकानं मुलांचं दूध कमी करायचं ठरवलं, तेव्हा रस्सा गळणारा डाव हातात घेऊन ती तशीच त्याच्या खोलीत शिरली. दूध कमी झालं नाही. लग्न मात्र केलं नाही तिनं. "एवढ्या पोरांना जेवू घालते, त्यात आणखी एक नवरा कशाला?" म्हणायची.

बायको सोडून गेल्यावर तिचा धाकटा भाऊ लायल तिच्याकडे राहायला आला आणि तिथलाच झाला. तो शाळेची बस चालवायचा. निवृत्तीनंतर त्याला एकच उद्योग उरला, माझ्या खानावळीत खिडकीजवळ बसून राष्ट्राध्यक्षांना गुण देणं. पक्ष त्याच्या आजोबांनी निवडलेला, तोच याचा. दुसऱ्या पक्षाचा माणूस गादीवर असला की लायलला माझी कॉफी कडू लागायची, रस्त्यात खड्डे दिसायचे, सांधेसुद्धा जास्त दुखायचे. एका निवडणुकीत त्याच्या पक्षाचा माणूस आला. आदल्या महिन्यात अंड्यांच्या भावावरून त्यानं माझं डोकं खाल्लं होतं. आता तो दोन अंडी आणि बटाटे खाऊन तृप्त होऊन म्हणाला, "बघ डोरीन, परवडायला लागलं की नाही माणसाला?"

"लायल, मी सोमवारीच भाव वाढवलाय."

"वाढवलास? मग धंदा जोरात आहे तुझा! देश मार्गाला लागलाय."

अशा माणसाचं मत कोणी विचारावं? पण विचारलं. जनमत चाचणीवाल्यांनी त्याला फोन केला, मग एका वार्ताहरानं केला, मग टीव्हीवाले कॅमेरा घेऊन माझ्या दुकानात आले. सामान्य माणसाच्या मनात काय चाललंय ते त्यांना हवं होतं. लायल नवा शर्ट घालून बसला. शेजारच्याच खुर्चीत वर्ना ॲपल पाय खात होती. तिच्याकडे टीव्हीवाल्या मुलीनं पाहिलंसुद्धा नाही. तिला फक्त बशी बाजूला सरकवायला सांगितलं, चित्रात येत होती म्हणून.

त्याच वर्षी वर्नाच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आमच्या छोट्या हॉस्पिटलात तशी सोय होती, चार खुर्च्यांची. घरून चालत जाण्याएवढी जवळ. थंडीच्या तोंडावर पाटी लागली, विभाग तोट्यात असल्यामुळे बंद.

सभा भरली. हॉस्पिटलकडून सूट घातलेले दोघे आले आणि आपल्याला किती वाईट वाटतंय ते सांगत बसले. वर्नानं उठून विचारलं, "वाईट वाटणं बाजूला ठेवा. मी सोमवारी कुठे जायचं?" शहरात जा, तासाभराचा तर रस्ता आहे, असं उत्तर मिळालं. मागे उभा असलेला लायल तोवर गप्प होता. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईनं सरकारच्या नावानं बोटं मोडली. त्याबरोबर याला कंठ फुटला. "राष्ट्राध्यक्षांना मध्ये ओढू नका!" एवढ्या जोरात ओरडला की सभा दोन पक्षांत भांडत बसली. सूटवाले घड्याळ बघून निघून गेले. बहिणीच्या खुर्चीबद्दल लायल स्टकी सभेत जे बोलला, ते एवढंच.

मग शहराच्या फेऱ्या सुरू झाल्या. गाडी लायलच चालवायचा, तेवढं श्रेय देते मी त्याला. एकदा मलाही शहरात काम होतं म्हणून मी पुढे बसले होते. परतीच्या वाटेवर वर्ना मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली, दंडाला पट्टी, चेहरा पिठासारखा. लायलचा फोन वाजला. गाडी चालवताना तो फोन स्पीकरवर टाकून बोलायचा.

"सर, राष्ट्राध्यक्ष ज्या पद्धतीनं काम करतायत, त्याला तुमची पसंती आहे की नापसंती?"

"पसंती."

"पूर्ण की थोडी?"

"पूर्ण."

"आणि आरोग्यसेवेच्या बाबतीत?"

मी लायलकडे पाहिलं. वाटलं, आता तरी अडखळेल. एवढंसंही नाही.

"पूर्ण पसंती."

फोन संपला. मागून आवाज आला, "लायल, गाडी थांबव."

"का गं, मळमळतंय?"

"हो. तुझ्यामुळे."

त्यानं गाडी कडेला घेतली. मक्याच्या कापलेल्या शेतावर बर्फ पडलेलं होतं. वर्ना खाली उतरून दाराला धरून उभी राहिली.

"आत बस, गारठशील!"

"आत्ता मला कुठून आणतोयस तू?"

"हॉस्पिटलातून. काय विचारतेस?"

"एवढ्या लांबून का?"

"वर्ना, त्याचा राष्ट्राध्यक्षांशी काय संबंध?"

"मागच्याच्या वेळी तुझ्या गाडीचं चाक पंक्चर झालं तरी संबंध होता!"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"तो आपला नव्हता."

किती सहज बोलून गेला! लाज नाही, संकोच नाही. "आणि मी कुणाची रे?" वर्नानं विचारलं. लायलनं काच पुसायला घेतली. काच स्वच्छच होती.

पुढच्या फेरीपासून तिला मी नेऊ लागले.

चाचणीचा आकडा आला. पसंती एका टक्क्यानं वर गेली होती. टीव्हीवरचा एक चकचकीत गृहस्थ म्हणाला की छोट्या गावांतले लोक आरोग्यसेवेवर समाधानी दिसतात, त्यांचं मन वाचायला आपण शिकलं पाहिजे. कसलं मन? लायलचं मन वाचायला त्याच्या आजोबांचं थडगं पुरे होतं.

पुढे एका दुपारी मी वर्नाकडे शेंगा सोलत बसले होते. घरचा फोन वाजला. या वेळी चाचणीवाल्यांना घरातली ज्येष्ठ व्यक्ती हवी होती. वर्ना खुर्ची ओढून नीट बसली.

"पसंती की नापसंती, मॅडम?" मुलीचा कोवळा आवाज.

"कशाबद्दल? आमचा विभाग बंद झाला, तेव्हा यानं काही केलं नाही. आधीच्यानं आमचा पूल दुरुस्त केला नाही. हे दोघेही निवडून आले तेव्हा मी त्यांना मत दिलं नव्हतं, आणि ज्याला दिलं होतं तोही तसलाच निघाला असता. आमच्याकडे चार खुर्च्या होत्या, पोरी. त्या परत कोण आणणार, ते विचार ना मला!"

"मॅडम, मला पसंती किंवा नापसंती असंच लिहिता येतं."

"मग आधी प्रश्न नीट शिकून ये."

"म्हणजे... मत नाही, असं लिहू?"

वर्ना एवढी हसली की तिला ठसका लागला. "लिही बाई. तुझी नोकरी सांभाळ."

तर आमच्या गावात जिच्याइतकं ठाम मत कुणाचंच नाही, ती देशाच्या हिशेबात मत नसलेली ठरली. आणि लायल ठरला जनता.

वसंतात वर्ना शहरात भाचीकडे राहायला गेली, हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत. तिथल्या नर्सना ती रोज सूप कसं करावं ते सुनावते. तब्येत बरी आहे, जरा भरलीसुद्धा आहे. लायल दर रविवारी तिच्याकडे जेवायला जातो. तिनं त्याला माफ केलंय का, मी विचारलेलं नाही. ताट वाढते, एवढं खरं.

परतताना तो माझ्याकडे थांबतो आणि न विचारता सांगतो, "वर्ना मजेत आहे. म्हणजे बघ, देश ठीकच चाललाय."

मी त्याला कॉफी ओतत नाही. कप तिथेच असतो, भांडंही तिथेच असतं. ज्याचा देश ठीक चाललाय, त्यानं उठून स्वतः घ्यावी.