कुसाबाईंचा हुंकार

कुसाबाईंनी पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं आणि माझं डोकंच सणकलं. दहा वर्षं नाशिकमध्ये मोठ्या माणसांना फ्रेंच बोलायला शिकवतेय मी. अशी आदळआपट कोणी केली नव्हती!

"मॅडम, सगळं पाठ केलं व्हतं. माझं नाव कुसाबाई, मी नाशिकची. काल फोनवर दोन वाक्यांत संपलं! मंग विहीणबाई बोलत राह्यल्या आन् मी नुसती गप. त्यांना वाटलं, मला बोलायचंच नाय."

कुसाबाई दिंडोरीकडच्या, साठीला आलेल्या. सगळा जन्म द्राक्षबागेत गेला. लेक तेजस्विनी लग्न करून फ्रान्सला राहते. तिचे दिवस भरत आले होते आणि कुसाबाईंचा व्हिसा काही झाला नव्हता. बाळंतपण फ्रेंच सासूच करणार. लेकीला मध्ये न घालता त्या सासूशी स्वतःच्या तोंडाने बोलायचं, एवढ्यासाठी ही बाई दोन बस बदलून वर्गाला यायची.

"आमच्यात कोणी बोलत असलं का हुंकार देत्यात," त्या म्हणाल्या. "नाय दिला तर समोरचा बोलंल कसा? तुमच्या फ्रेंचात हुंकार नाय का?"

मी चाटच पडले. अहो, आहे ना! भरपूर आहे! आणि दहा वर्षांत मी एकदाही शिकवला नव्हता. आमच्या पुस्तकात एक जण पूर्ण वाक्य बोलतो, दुसरा मुकाट ऐकतो. असं कोण बोलतं हो?

पुस्तक गेलं कपाटात. तेजस्विनीने सासूला विचारून त्यांच्या स्वयंपाकघरातल्या गप्पा रेकॉर्ड करून पाठवल्या. अर्धवट वाक्यं, हसणं, भांड्यांचा खडखडाट आणि जागोजागी हुंकार. 'आ बाँ?' म्हणजे 'असं होय?' 'ए आलोर?' म्हणजे 'मग?' सगळा वर्ग तेच घोकत बसला. कुसाबाई तर बसमध्येसुद्धा!

रविवारी वर्गातूनच व्हिडिओ कॉल लावला. विहीणबाई सुरू झाल्या.

"आ बाँ?" कुसाबाई म्हणाल्या. विहीणबाई खुलल्या.

"ए आलोर?" मग काय, गाडी सुसाट! दवाखाना, पाळणा, हाताने विणलेलं टोपडं, सगळं दाखवून झालं. कुसाबाईंना निम्मंही कळत नसेल, पण हुंकार एक चुकला नाही. मला तर खुर्चीत बसवेना!

शेवटी विहीणबाईंनी तेजस्विनीला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच काहीतरी म्हणाल्या. कुसाबाईंचे डोळे भरून आले.

"आई, त्या म्हणतात की..." तेजस्विनी सांगायला लागली.

"तू गप गं!" कुसाबाई कडाडल्या. "आमचं दोघींचं बोलणं चाललंय ना!"