कोचकडंच मारा

दुसऱ्याच गेममध्ये माझ्या लक्षात आलं, समोरचे दोघंही प्रत्येक बॉल माझ्याकडंच मारताहेत. मिक्स्ड डबल्समध्ये, म्हणजे एक पुरुष आणि एक बाई अशा जोड्यांच्या मॅचमध्ये, असं सहसा होत नाही. क्लबातले लोक बाईला सोपी समजून तिच्याकडं मारतात. इथं माझी पार्टनर होती माझीच विद्यार्थिनी, निपाणीची डेंटिस्ट डॉक्टर सुजाता. आणि मी बेळगावातला टेनिस कोच. शिकवता शिकवता केस पांढरे झाले. तरी जोडीतली लंगडी बाजू म्हणून निवड माझी झाली.

मुळात मी खेळणारच नव्हतो. डॉक्टरांचे पार्टनर म्हणजे त्यांचे दीर. त्यांच्या पाठीत सकाळी चमक भरली. क्लबचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, माझ्याकडं आले.

"कोच, तुमीच उभारा की. जोडी कशाला मोडायची?"

"आप्पा, माझा गुडघा..."

"रोज सगळ्यास्नी पळा पळा म्हणतासा न्हवं? आज तुमी पळा."

नाही म्हणता आलं नसतं. कारण डॉक्टर गेल्या आठवड्यात मला म्हणाल्या होत्या, "सर, ही शेवटची टूर्नामेंट. यातबी तसंच झालं तर मी सोडते. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघायचं आणि सुट्टीदिवशी इथं येऊन रडायचं, कशाला?"

तसंच म्हणजे डबल फॉल्ट. टेनिसमध्ये सर्व्हिसला दोन संधी असतात. दोन्ही चुकल्या की पॉइंट फुकट जातो. डॉक्टरांचे असे पॉइंट मॅचमध्ये ओळीनं जायचे. प्रॅक्टिसला मात्र सर्व्हिस बघत राहावी अशी. त्यांच्या आईनं विड्या वळून त्यांना शिकवलं. हातात घेतलेलं सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. दर शनिवार-रविवारी निपाणीहून स्वतः गाडी चालवत यायच्या. अशी बाई सोडते म्हणाली, की कोचनं विचार करायला हवा. मी विचार न करता उपाय करत होतो. प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर नवी दुरुस्ती. आधी टॉस, म्हणजे बॉल वर उडवणं. मग ग्रिप. मग गुडघे वाकवणं, खांदा, मनगट, नजर. मला वाटायचं, आता एवढं एक सांगितलं की झालं.

तर मॅच. समोर एक बँक मॅनेजर आणि त्यांच्या मिसेस. पहिला सेट आम्ही चहा निवायच्या आत हरलो. डॉक्टरांचे डबल फॉल्ट झालेच, पण त्याहून जास्त माझे झाले. सर्व्हिसला उभा राहिलो आणि माझीच सगळी वाक्यं डोक्यात एकदम सुरू झाली. टॉस पुढं. गुडघा वाक. खांदा फिरव. मनगट सैल. डोक्यात एवढे कोच एकाच वेळी ओरडत असताना हात कुठला वर जाणार? बॉल नेटच्या मध्यावर जाऊन आदळला. प्रेक्षकांत माझ्या विद्यार्थ्यांचे पालक होते. त्यातल्या एक बाई काळजीनं शेजारणीला म्हणाल्या, "सरांना बरं न्हाय काय आज?"

साइड बदलताना मी पाणी प्यायलो आणि सवयीनं सुरू झालो. "डॉक्टर, तुमचा टॉस जरा..."

"सर, रागावू नका. आता काही सांगू नका."

मी बाटली खाली ठेवली.

"ते सगळं तुमच्याकडंच मारूलालेत की. मग बॉल कुठं येणार ते आपल्याला आधीच ठाऊक हाय. तुम्ही मागं उभारा आणि नुसता लॉब टाका. पुढचं मी बघते."

लॉब म्हणजे समोरच्यांच्या डोक्यावरून जाणारा उंच, संथ बॉल. मी सगळ्यांना नेटजवळ जाऊन जोरात मारायला शिकवतो. लॉब मी म्हाताऱ्यांचा शॉट समजतो.

"त्यानं टेक्निक बिघडतं," मी म्हणालो.

"दाढ ठणकत असताना मी पेशंटला ब्रश कसा करायचा ते शिकवत न्हाय, सर. आधी ठणका थांबवते."

मग मागं उभारलो. लॉब टाकू लागलो. एका साइडला सकाळचं ऊन नेमकं त्या जोडीच्या तोंडावर यायचं. मॅनेजर मागं पळता पळता "तुझा" म्हणायचे, मिसेस "तुमचा" म्हणायच्या आणि बॉल दोघांच्या मध्ये पडायचा. बॉल परत आलाच तर दमून, अर्धवट यायचा. नेटजवळ डॉक्टर उभ्याच असायच्या. स्वतःच्या सर्व्हिसला त्या फक्त बॉलकडं बघत होत्या. बाकी माझं सगळं शिकवणं त्यांनी त्या दिवसापुरतं घरी ठेवलं होतं. दुसरा सेट आमचा.

तिसऱ्या सेटऐवजी आमच्याकडं दहा पॉइंटांचा छोटा टायब्रेक खेळतात. त्यात मॅनेजरांच्या जोडीला जिंकायला एकच पॉइंट हवा होता आणि सर्व्हिस डॉक्टरांची. पहिली नेटमध्ये गेली. मी वळलो. सूचना द्यायला तोंड उघडलं होतं. डॉक्टरांनी पेशंटकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं. दुसरी सर्व्हिस शांतपणे आत पडली.

मॅनेजर दचकले. त्यांचा बॉल उंच, हळू, थेट माझ्याकडं आला. लॉब टाकायचा होता. पण पालक बघत होते आणि तसल्या बॉलवर स्मॅश कसा मारायचा ते मी रोज करून दाखवतो. मी पुढं धावलो, रॅकेट वर नेली, आणि सगळी ताकद लावून बॉल नेटमध्ये घातला.

मॅच संपली.

"माफ करा, डॉक्टर. माझ्यामुळं गेली."

"व्हय, तुमच्यामुळंच," त्या हसत म्हणाल्या. "पण दुसऱ्या सेटपास्नं माझा एकबी डबल फॉल्ट न्हाय. बघितलंसा?"

पुढच्या शनिवारी त्या वेळेवर हजर होत्या. सोडायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. नंतरच्या टूर्नामेंटला सिंगल्समध्ये त्या सेमीफायनलपर्यंत गेल्या. मी घरीच थांबलो होतो, हेही एक कारण असेल.

आता मी एका दिवशी एकच गोष्ट सांगतो. फार अवघड जातं. एका पालकानं आप्पांकडं तक्रारही केली, की कोच पूर्वीसारखे शिकवत नाहीत, नुसते उभे असतात. मला एवढंच कळलंय, की शिकवणाऱ्यानं अधूनमधून स्वतः मॅच खेळावी. शक्यतो परगावी.