वैशाख वद्य पंचमीचं श्रमदान

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा एकीच्या नाकातून चहा आला होता, आणि ठपका माझ्यावर.

तर, मूर्खपणा करायलासुद्धा थोडं शिक्षण लागतं. माझं मॅट्रिकपर्यंत झालंय, त्यामुळे जमलं.

आम्ही जयपूरला बदलून आलो त्याला दोन वर्षं झाली होती. झालान्याच्या डोंगराच्या बाजूला आमची सरकारी क्वार्टरं, आणि मागे एक जुनी वस्ती. वस्तीत एक बावडी. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर हो, खाली उतरून पाणी भरायचं. पण गाळानं इतकी भरलेली की उन्हाळ्यात बायका मैलभर लांबून घागरी आणायच्या. नगरपालिका म्हणे, "लोकांनी आधी श्रमदान करून गाळ काढावा, मग आम्ही पंप बसवू." तेव्हा सगळीकडे श्रमदानाचंच वारं होतं. साहेबलोक सूट घालून एक टोपली उचलायचे आणि फोटो काढून घेऊन घरी जायचे.

अफसरांच्या बायकांची एक कमिटी होती, अध्यक्ष माथुरबाई. वस्तीतल्या बायकांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. का? कारण मी मीटिंगमध्ये बोलले.

"हँडबिलावर इंग्रजी तारीख छापता आणि लोक येत नाहीत म्हणून रडता," मी म्हटलं. "अहो, लोकांकडे जायचं तर लोकांच्या हिशेबानं जावं. त्यांना तिथी सांगा."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं बंद पडतं, हे आमच्या ह्यांना लग्नापासून माहीत आहे.

साताऱ्याहून दादा दरवर्षी पंचांग पाठवतो. ते काढलं. बावडीचं पाणी तळाला जातं तो मे महिना. वैशाख वद्य पंचमी. झकास. कमिटीला मी मेमधली तारीख दिली आणि वस्तीत जाऊन तिथी सांगितली.

वस्तीत चालायचं धापूकाकीचं. साठीची, उंच, आवाज असा की म्हैससुद्धा वळून बघेल. ती ओढणी सावरत म्हणाली, "बाईजी, पिछले साल भी एक साब ने बुलाया था. हम सारी औरतें धूप में बैठी रहीं. साब आया ही नहीं."

"मैं आऊँगी ना."

"मैंने सबको अपनी जबान दी तो देखो, इस बार धोखा हुआ तो फिर कोई नहीं आएगी. मेरे कहने से भी नहीं. कब आना है?"

"बैसाख बदी पाँचम. सुबह. मेरे घर पे आना, वहाँ से साथ में जाएँगे."

वद्य म्हणजे बदी, एवढं हिंदी मला येत होतं. ऐटीत घरी आले.

रामनवमी झाली. हनुमान जयंती झाली. धापूकाकी मध्येच एकदा रस्त्यात भेटली. "बाईजी, फावड़े?" मी म्हटलं, "अभी बहुत टाइम है." ती माझ्याकडे जरा बघत राहिली. मला वाटलं, बिचारी उतावीळ झालीये.

पुढच्या शुक्रवारी माझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. जयपुरातल्या मराठी घरांतल्या पंधरा जणींना दुपारी चारचं बोलावणं. कैरीची डाळ वाटून तयार, पन्ह्याचं पातेलं भरलेलं, हरभरे भिजलेले, गौर झोपाळ्यात बसलेली. मी सकाळीच न्हाऊन, जरीकाठी इरकल नेसून, हौसेनं नथ घालून बसले होते. आठ वाजता फाटक वाजलं.

बघते तर बायका. दहा नाही, वीस नाही, चांगल्या चाळीस! पुढे धापूकाकी. सगळ्यांच्या हातांत फावडी, घमेली, टोपल्या.

"आ गये, बाईजी."

आता तुम्ही म्हणाल, हिला तेव्हा तरी कळायला हवं होतं. पण माझं डोकं बघा कसं चालतं. नुकतीच इथल्या बायकांची गणगौर होऊन गेलेली, तीही गौरच. मला वाटलं, माझी गौर बघायला आल्या! कामावर जाता जाता आल्या असतील, म्हणून हातात फावडी. आणि पाहुण्याला "का आलात" असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

"आओ आओ, बैठो," मी म्हटलं.

"बैठना है?" धापूकाकीनं विचारलं.

"तो क्या खड़े-खड़े जाओगी?"

चाळीस फावडी व्हरांड्यात टेकवून चाळीस जणी सतरंजीवर बसल्या. मला भरून आलं. "आप सब आयीं, मुझे कितना अच्छा लगा. मैंने तो सोचा भी नहीं था."

धापूकाकीच्या कपाळाला आठी पडली. "क्यों नहीं सोचा? जबान दी थी ना."

मी प्रत्येकीला हळद लावली, कुंकू लावलं, अत्तर लावलं. ओढणीत हरभऱ्यांची ओटी घातली. डाळ पंधरा जणींची होती, ती चाळिसांत नखभर नखभर गेली. पन्ह्यात मी माठातलं पाणी ओतत राहिले, शेवटच्या दहा जणींना पन्ह्याचा नुसता वास मिळाला. त्यांनी तोही गोड मानून घेतला.

एका घुंगटातून हळूच आवाज आला, "काकी, चने खा के खोदेंगे?"

"चुप कर," धापूकाकी कुजबुजली. "इनके यहाँ खोदने से पहले यही रिवाज होगा."

मी ऐकलं. आणि मला वाटलं, कुठेतरी खोदकामाला जात असतील, बिचाऱ्या गरीब.

मी गौरीचं गाणं म्हटलं. सगळं. दोन कडवी विसरले होते ती आठवून पुन्हा म्हटली. त्यांनीही एक म्हटलं. नऊ वाजले. धापूकाकी उठली.

"अब चलें, बाईजी? धूप चढ़ रही है."

"कहाँ?"

"बावड़ी."

"आज?"

"और कब? आज बैसाख बदी पाँचम है."

मी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं. चैत्र वद्य पंचमी. धापूकाकीकडे पाहिलं. पुन्हा पंचांगाकडे.

आणि मग डोक्यात उजेड पडला. आपला महिना अमावास्येनंतर सुरू होतो, यांचा पौर्णिमेनंतर. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच, पण वद्य पक्ष लागला की हे एक महिना पुढे. आपला चैत्र, यांचा वैशाख. म्हणून तर आपली गोकुळाष्टमी श्रावणात आणि यांची भादव्यात, दिवस एकच. हे मला माहीत नव्हतं? अहो, शेजारच्या नव्या नवरीला मीच हे बोटांवर मोजून समजावलं होतं!

ट्रक पुढच्या महिन्यात. साहेब पुढच्या महिन्यात. दोर, कप्प्या, सगळं पुढच्या महिन्यात. फक्त बायका आज. "आज नहीं, अगले महीने" एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, तर समोर चाळीस घुंगट, आणि त्यांच्यापुढे धापूकाकी, जिनं माझ्या भरवशावर जबान दिली होती.

"चलो," मी म्हटलं.

दारावर चिठ्ठी लावली, "हळदीकुंकू बावडीवर आहे," आणि निघाले.

पहिली टोपली डोक्यावर घेतली तेव्हा नथ गाळात पडली. ती शोधण्यात चौघींचा अर्धा तास गेला. तेवढा सोडला तर माझाही उपयोग झाला असं मी म्हणते. दोर नव्हते, म्हणून बायकांनी पायऱ्यांवर रांग केली आणि टोपल्या हातोहात वर निघाल्या. हे साहेबांच्या योजनेत नव्हतं, त्यामुळे काम भराभर झालं.

चारला मराठी मंडळी आली, रेशमी पातळं सावरत. पुढे गोडबोले वहिनी, आमच्यातल्या वयानं मोठ्या.

"अगं, हे काय?"

"चैत्रगौर."

"डाळ कुठाय?"

"संपली."

वहिनींनी एकदा माझ्या चिखलानं भरलेल्या तोंडाकडे पाहिलं, चपला काढल्या, पदर खोचला. "पन्हं तरी ठेवलं असतंस गं," म्हणाल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.

आठ दिवसांत तळ लागला. पाणी असं वर आलं की धापूकाकी पायरीवर बसून नुसती बघत राहिली.

कमिटीला मी काहीच कळवलं नव्हतं, त्यामुळे महिन्यानं, माझ्या तिथीला, ट्रक आला. मांडव पडला. माथुरबाई आल्या, साहेब आले, फावड्याला लाल फीत बांधलेली. साहेब गाळ शोधायला बावडीत वाकले आणि म्हणाले, "गाद कहाँ है?" माथुरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. फोटो पाहिजेच होता, म्हणून माझ्या मोगऱ्याच्या आळ्यात खत म्हणून घातलेला बावडीचा गाळ टोपलीभर उकरून आणला आणि साहेबांनी तो उचलला. पंप मात्र मिळाला.

एवढ्यावर संपतं तर बरं होतं. पुढच्या वर्षी पंप बिघडला. मी तक्रार घेऊन कचेरीत गेले. तिथला बाबू नवीन होता, मला ओळखत नव्हता.

"मिस्त्री कब आएगा, भैया?"

"मराठन की पाँचम को," तो कागदातून मान वर न काढता म्हणाला.

"मतलब?"

"मतलब एक महीना लेट, बाईजी. उधर की बस्ती में सब यही बोलते हैं. कोई मराठन थी. सबको फावड़ा लेके बुलाया और खुद नथ पहन के घर में चने बाँट रही थी."

"अच्छा. फिर बावड़ी का क्या हुआ?"

"वो तो औरतों ने साफ कर दी."

"और उस मराठन का?"

"पता नहीं. तबादला हो गया होगा." मग त्यानं दौतीत टाक बुडवला. "शिकायत किसके नाम से लिखूँ?"

मी नाकावरची नथीची जागा पदरानं पुसली.

"धापूबाई," मी म्हटलं.