दसऱ्याला अडलेली मॉरिस

कडूबा मिस्त्रीला बिघडलेलं यंत्र दाखवायचं म्हणजे आधी स्वतःची उलटतपासणी करून घ्यायची. पिशवीतल्या पान्याला हात न लावता तो उकिडवा बसे आणि विचारत राही. शेवटी बंद कोणी केलं? कुठं उभं होतं? जवळपास कोणी आलं होतं? टेंभुर्णीतली निम्मी डिझेल इंजिनं त्याच्या हाताखालची, त्यामुळे लोक वैतागत पण उत्तरं देत. मला मात्र त्याचं भारी कौतुक. मी तेव्हा तिथल्या पोस्टात होतो, रामरावांच्या घरात भाड्यानं राहत होतो आणि दुसऱ्याच्या भानगडीत डोकावल्याशिवाय मला अन्न पचत नसे.

सत्त्याऐंशी साली ऐन दसऱ्याला रामरावांची मॉरिस सुरू होईना. वडिलांनी हैदराबादहून आणलेली, चोपन्न सालची काळी गाडी. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी ती वेशीबाहेर जाणार म्हणजे जाणारच. स्टार्टर घरघरत होता, इंजिन काही पकडत नव्हतं.

रामरावांनी गुन्हेगार आधीच ठरवून टाकला होता. ड्रायव्हर बद्रीनाथनं आईच्या आजारपणासाठी आठ दिवसांची रजा मागितली होती आणि ती त्यांनी परवाच झिडकारली होती.

"म्हणून डाव साधला यानं! गाडी चालू झाली की चावी ठेवायची अन् चालतं व्हायचं!"

"मालक, मी तिला हातबी लावला न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. बावीस वर्षं ती गाडी त्यानंच चालवली होती. मला रामरावांचा असा संताप आला! पण भाडेकरूला तोंड नसतं.

कडूबाला बोलावणं गेलं. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना नेहमीसारखं पिडलं. मग पेट्रोलचा थेंब बोटावर घेऊन चक्क जिभेला लावला.

"रॉकेल न्हाई. बिलकुल चोख हाये."

एका प्लगची वायर काढून त्यानं तिचं टोक लोखंडाजवळ धरलं. बद्रीनाथनं स्टार्टर मारला. काहीच दिसलं नाही.

"पेट्रोल बराबर पोचून राह्यलं. ठिणगीच न्हाई."

मग प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डबीचं काळं झाकण त्यानं उघडलं. आत बोट फिरवलं, बोट चाटलं आणि एकदम गप्प झाला. कडूबा गप्प! मी मान उंच करकरून पाहत होतो, पण त्यानं पाठ फिरवली आणि फडक्यानं झाकण आतून पुसायला लागला.

"मार रे आता."

इंजिन पहिल्याच झटक्यात धडधडलं. जमलेली माणसं "वा मिस्त्री!" म्हणाली. रामरावांनी बद्रीनाथपुढं हात पसरला. "सापडली ना तुझी लबाडी? आण चावी."

झाकणाच्या आत कोणीच पाहिलं नव्हतं. कडूबानं नुसती मान हलवली असती तरी त्याची शाबासकी त्याच्याकडेच राहिली असती. त्यानं फडकं पुढं केलं. त्यावर लाल चिकट डाग होता.

"लबाडी न्हाई, रामराव. कुंकू हाये. अन् नारळाचं पाणी, गोड लागलं. त्या ओलीनंच ठिणगी मेली. काल खंडेनवमीला पूजा मीच केल्ती."

सगळं गाव यंत्राला बाहेरून हळदकुंकू लावी. कडूबाचा रिवाज वेगळा. खंडेनवमीला तो यंत्र उघडायचा, आतल्या भागाला कुंकू लावायचा आणि वर नारळाचं पाणी शिंपडायचा. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही, त्यामुळे वीस वर्षं कुठं काही बिघडलं नव्हतं. मॉरिसची पूजा मात्र रामरावांनी यंदा पहिल्यांदाच त्याच्याकडून करून घेतली होती.

"मला कळाया पाह्यजे होतं," असं म्हणत त्यानं चारचौघांत दोन्ही कान धरले. कोणीतरी फिदीफिदी हसलं. त्या हसणाऱ्याला एक ठेवून द्यावीशी मला वाटली.

रामरावांचा हात तसाच पसरलेला होता. बद्रीनाथनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि त्या हातावर चावी ठेवली.

"मालक, मी आईकडं चाललो. आठ दिवसांनी येतो. मंग मला ठेवायचं का न्हाई, तुमी ठरवा."

तो खरंच निघाला. रामरावांना गाडी चालवता येत नव्हती. त्या दसऱ्याला ते आमच्याबरोबर वेशीपर्यंत पायी आले, चावी मुठीत तशीच धरून.