खाप्याची नदी

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. सकाळच्या वर्गांना जाऊन इतिहासात एम.ए. केलं होतं. विद्यापीठाच्या इतिहास विभागात संशोधन सहायकाची एक जागा निघाली, तेव्हा प्राध्यापकांनी दोघांना बोलावलं: मला आणि काटोलच्या माझ्या वर्गमित्राला. विषय या भागातल्या हातमागांचा. त्यावर इतरांनी लिहिलेली पुस्तकं आणि लेख शोधायचे, आणि प्रत्येक नोंदीखाली तो मजकूर कितपत भरवशाचा, याचं टिपण लिहायचं. ज्याची सूची सरस, त्याला जागा. रात्रपाळीतून सुटायचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता.

वर्गमित्राच्या घरी संत्र्यांचा व्यापार होता. त्याला नोकरीची गरज नव्हती, हे मला पहिल्यापासून खटकलं. तो दिवसभर ग्रंथालयात बसे. मी ड्यूटीआधी धावतपळत जाई. शिपाई त्याची पुस्तकं न मागता काढून ठेवी. मला चिठ्ठी भरायला लावी.

"काहून गा, गाडी सुटून राहिली का तुही?" वर्गमित्र विचारी.

"मले नाही तुह्यासारखा संत्रेवाला बाप."

"मंग पाठवतो ना पेटी."

पेटी खरंच आली. माझ्या घरी आठवडाभर त्याचं कौतुक चाललं.

माझी सूची त्याच्याहून लांब झाली. तेवढ्यापुरता मी निश्चिंत होतो.

प्राध्यापकांनी दोन्ही सूच्या शेजारी ठेवल्या. तीन पुस्तकांत खाप्याचे माग बंद पडल्याची हकीकत होती. माझं टिपण असं: 'कन्हानकाठच्या खापा गावाची विश्वसनीय माहिती. तिन्ही लेखकांचे एकमत.' त्याचं असं: 'तिघेही खापा वैनगंगेकाठी सांगतात. खापा कन्हानवर आहे. पहिल्याचे दुसऱ्याने उचलले, दुसऱ्याचे तिसऱ्याने. साक्षीदार एकच, आणि तोही तिकडे गेलेला दिसत नाही.'

"तुम्हाला ही चूक दिसली नाही?" प्राध्यापकांनी मला विचारलं.

"दिसली. दुरुस्त केली."

"कुणी सांगितलं होतं?"

कुणी सांगितलं नव्हतं. डेस्कवर चुकीचं नाव आलं की हात आपोआप ते बदलतो. पगार त्याचाच मिळतो. शिवाय एका वृत्तसंस्थेची बातमी तीन पेपरांत छापून आली म्हणून साक्षीदार तीन होत नाहीत, हे त्या खोलीत सर्वांत आधी मला सुचायला हवं होतं. सुचलं संत्रेवाल्याच्या मुलाला.

जागा त्याला मिळाली. जिन्यावर तो म्हणाला, "मले वाटलं तुलेच भेटन गा. तू तर खाप्याले जाऊन आलता." टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. तो मनापासून बोलत होता.

काही वर्षांनी त्याचं पुस्तक आमच्या दैनिकाकडे अभिप्रायासाठी आलं. संपादकांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. मी चार ओळी लिहिल्या आणि शेवटी 'संग्राह्य' हा शब्द घातला. आमच्याकडे तो न वाचलेल्या पुस्तकांसाठी राखीव होता. हे पुस्तक मी दोनदा वाचलं होतं.