आठव्या दिवसाचं पत्र

कागद आपोआप येतो, हे आमच्या हिच्या मामांना उभ्या जन्मात कुणी पटवून देऊ शकलं नाही. विजेचं बिल असो, लग्नाची पत्रिका असो, की शाळेतून नातवाच्या हाती आलेली चिठ्ठी असो, मजकूर वाचायच्या आधी मामा कागद उलटा करून मागची बाजू बघत आणि विचारत, "हे निघालं कशानं?" एका पत्रिकेचा माग काढत ते थेट नेवाशाला पोचले होते. पत्रिका दुसऱ्याच कुणाची निघाली, पण मामा जेवूनच परतले. दाराची कडी वाजली तर तुम्ही-आम्ही 'कोण' म्हणतो, मामा 'का' म्हणायचे! शिंगणापूरला दर्शनाला गेलो, तेव्हा बिनदाराची घरं बघून आम्ही भक्तिभावानं हात जोडले, आणि हे गृहस्थ कासावीस. "कडीच न्हाई, मंग मानूस आल्यालं घरात कळतं कशानं?" त्यांनी एका दुकानदाराला गाठून विचारलं. तो म्हणाला, "हाक मारत्यात की." हे उत्तर मामांना इतकं आवडलं, की परतीच्या एस.टी.त ते नगर येईपर्यंत तेच घोळवत बसले.

मामा नगरच्या एमआयडीसीतल्या एका पंपांच्या कारखान्यात टाइम-ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या टेबलावर, होते. त्यांच्याच शब्दावर मी तिथं फिटर म्हणून लागलो आणि पुढं त्यांचीच भाची केली. म्हणजे माझी भाकरीही त्यांनी दिली आणि ती खाल्ली की नाही हे विचारणारीही.

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. कारखान्यात कॉम्प्युटर आला. नारळ फुटला, त्याला गार हवेची खोली मिळाली, आणि आम्ही चपला बाहेर काढून त्याचं दर्शन घेऊन आलो. महिन्याभरात त्या खोलीतून कर्रकर्र आवाज करत पत्रं निघायला लागली. कुणी सही करत नव्हतं, कुणी वाचत नव्हतं, पत्रं मात्र परस्पर पोस्टात पडत होती. कँटीनच्या आचाऱ्याला ताकीद आली, की आपण लेथवर चष्मा न लावता काम करता! बिचारा दोन दिवस भाजीत मीठ घालायला विसरला. मामांनी पेन्सिल कानावर खोचली, आणि शेवटी आचाऱ्याचा टोकन नंबर आधी एका लेथवाल्याचा होता, हे शोधून काढलं. तेव्हापासून पत्र आलं की माणसं घाबरून आधी मामांकडे धावत. मामा कागदावर उलटे बाण काढत मागं मागं जात, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघून समोरच्याचा जीव आणखीच टांगणीला लागे.

मग एक पत्र मला आलं.

साहेबांनी मला तोंडी सांगून घोडेगावच्या बाजूला पंप बसवायला धाडलं होतं. दहा दिवस चिखलात राबून घरी आलो, तर हिनं पाकीट पुढं केलं. 'आपण सलग आठ दिवस विनापरवाना गैरहजर आहात. तीन दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास आपले नाव पटावरून कमी करण्यात येईल.' हिला सातवा महिना. आणि मला धाडणारे साहेब त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेलेले! सकाळी पत्र घेऊन मी थेट मामांचं टेबल गाठलं.

मामांनी पत्र उलटं केलं, मागची कोरी बाजू बघितली, आणि पहिल्यांदाच काही न विचारता कॉम्प्युटरच्या खोलीकडे चालू लागले. मी मागोमाग. तिथल्या ऑपरेटर बाईंनी माझं हजेरीकार्ड काढलं. "मामा, सगळेच दिवस कोरे आहेत. हे लाल ठिपके तेवढे आहेत."

"आवं, लाल ठिपका म्हंजे भाईरकाम! हजर धरायचं. मीच देतो त्यो."

"मला कुणी सांगितलं नाही."

"साऱ्या कारखान्याला ठावं हाय की!"

"कॉम्प्युटरला नाही ना, मामा."

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा तिथं हजर. ठिपक्याचं कळलं, पण आठ दिवस कोरे दिसले की लगेच पत्र काढायचं, हे त्या यंत्राला शिकवलं कुणी? बाईंनी कपाटातून एक फाइल काढली. कॉम्प्युटर बसवायला आलेल्या पोरांनी टाइम-ऑफिसला विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्यात होती. 'कामगार सलग आठ दिवस गैरहजर असल्यास काय करता?' पुढं उत्तर, 'पत्र पाठवतो.' आणि खाली ठसठशीत सही. मामांची.

मामा बाकावर बसले. सहीवरून बोट फिरवत राहिले. मी विचारलं, "मामा, आजवर किती पत्रं पाठवलीत तुम्ही?"

"एक बी न्हाई."

"मग?"

"सहाव्या दिशी सायकल काढायचो. घरी जाऊन हाक मारायचो. कुनाचा बाप गेल्याला असायचा, कुनाचा पाय मोडल्याला. च्या व्हायचा, आन् रजेचा अर्ज मीच लिव्हायचो."

"अहो, मग हे त्या पोरांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी नियम इचारला, जावईबापू. सायकल कोन इचारतंय?"

तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांपुढं मामांनी खुलासा ठेवला. माझा नव्हे, स्वतःचा. 'चूक टाइम-ऑफिसची, म्हणजे माझी,' असं लिहून मोकळे झाले. माझं नाव राहिलं. मामांना मात्र निवृत्तीच्या तोंडावर ठपक्याचा मेमो मिळाला. मला रडूच आलं. मामांनी तो घडी करून खिशात घातला. आयुष्यात त्या एकाच कागदाची मागची बाजू त्यांनी बघितली नाही.

तेव्हापासून, उद्या कुणाकुणाला पत्रं जाणार त्याची यादी ते बाईंकडून आदल्या दिवशीच मागून घेत आणि संध्याकाळी सायकल काढत. पत्राआधी मामा पोचायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हे केलं. मग शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली, आणि आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो. मामांकडे उद्या जाऊ, परवा जाऊ, असं मी रोज म्हणत होतो. लाज वाटते सांगायला, पण गेलो नाही.

एक दिवस ऑपरेटर बाईंनी मला बोलावून यादी दाखवली. उद्याच्या पत्रांत मामांचं नाव! सलग आठ दिवस गैरहजर. सुट्टी होताच मिळेल ती सिटी बस पकडून धावत त्यांच्या घरी गेलो आणि अंगणातूनच हाक मारली.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलेले. शेजारी धुऊन-पुसून लख्ख केलेली सायकल.

"मामा, तुमचं नाव अजून पटावर कसं?"

"कमी करायचा कागद माज्याच टेबलावरनं जायचा हुता. न्हाई धाडला." मग म्हणाले, "आज आठवा दिस. म्हनलं बघू, आदी पत्र येतंय का मानूस."

मामींनी चहा आणला. मामांनी खिशातून नाव कमी करायचा तो कागद काढला, तारीख घातली आणि माझ्या हातात दिला. मी निघालो, तशी मागून हाक आली.

"जावईबापू, सायकल घिऊन जा. वेल्डिंगचा त्यो उंच गडी सहा दिस कामावर न्हाई म्हनं. जाता जाता हाक मारा त्याला."